ऊन आपलं, तार सगळ्यांची

परवा पुण्याच्या नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, खरं सांग, या वयात सोलर बसवायची कसली हौस? पंचवीस वर्षांची गॅरंटी म्हणे त्याला. तुमची दोघांची किती वर्षांची आहे?"

दोघीही पोट धरून हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटलं, याचं उत्तर नीट द्यायला हवं. कारण हाच प्रश्न भाच्यानं विचारला, समोरच्या वकीलीणबाईंनी विचारला, आणि मुलीनं तर "आई, त्यापेक्षा पुण्याला या ना राहायला" असंच म्हटलं. तेव्हा एकदाच सगळं लिहून काढते. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून, आणि जन्मभर शिकवलं मराठी नि इतिहास. त्यामुळे यात विज्ञानाची चूक सापडली तर विज्ञानाच्या मास्तरांनी कान धरावा.

आधी त्या वयाच्या प्रश्नाचं. आंब्याची कोय लावणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट मी वर्गात निदान तीस वेळा सांगितली असेल. पण सोलरच्या बाबतीत ती लागू नाही. आमचा हिशेब अगदी सरळ आहे. आम्हाला वर्षाला साधारण २,६०० युनिट वीज लागते. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे दोन कूलर, फ्रिज, पाण्याची मोटर. लाइटबिल महिन्याला सरासरी तेवीसशे-चोवीसशे यायचं. चार पॅनेलना सगळं मिळून १,४२,००० खर्च आला. त्यात केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून ६०,००० अनुदान मिळालं, ते जोडणी झाल्यावर पाच आठवड्यांनी थेट बँकेत जमा झालं. म्हणजे खिशातून गेले ८२,०००. ते तीन-सव्वातीन वर्षांत वसूल होतील. तेवढं आयुष्य तर मी देवाकडे हक्कानं मागू शकते! म्हणजे यात त्याग वगैरे काही नाही. चांगली मुदतठेव आहे, इतकंच.

मग लिहिण्यासारखं काय आहे? तर हे की, पैशाचा हिशेब सोपा निघाला आणि बाकीचे सगळे हिशेब अवघड निघाले.

पहिला अवघड हिशेब आमच्या कडुनिंबाचा. आमचं घर १९८३ सालचं. त्याच वर्षी मुलगी झाली आणि त्याच पावसाळ्यात ह्यांनी कुंपणाजवळ, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, कडुनिंबाचं रोप लावलं. आज तो गच्चीच्या वर दहा-बारा फूट गेला आहे. दुपारी तीननंतर अर्धी गच्ची त्याच्या सावलीत असते. चाळीस वर्षांच्या उन्हाळ्यात आमच्या पश्चिमेच्या खोल्या राहण्याजोग्या राहिल्या त्या त्याच्यामुळे. दर पाडव्याला निम्मी गल्ली पाल्यासाठी आमच्या दारात असते.

पहिला सोलरवाला आला तो तरतरीत मुलगा होता. गच्चीवर टेप लावली, मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "काकू, तीन किलोवॉट आरामात बसतं. फक्त हे झाड काढावं लागेल."

"काढावं लागेल" हे तो इतक्या सहज म्हणाला, जसं भिंतीवरचं कॅलेंडर काढावं लागेल.

मी विचारलं, सावली थोडी आली तर काय बिघडतं? थोडी वीज कमी होईल, एवढंच ना? तर तसं नसतं. मग त्यानं समजावलं ते मला आवडलं, म्हणून माझ्या भाषेत सांगते. शाळेत श्रमदानाच्या वेळी आम्ही मुलांची रांग लावून विटा हातोहात पुढे द्यायचो. रांगेतला एक मुलगा दमला की सगळी रांग अडते, बाकीचे कितीही दांडगे असोत. पॅनेलमधल्या चकत्या अशाच एकामागे एक जोडलेल्या असतात, आणि पॅनेलही. एकावर सावली पडली की तिच्या रांगेतला प्रवाहच अडतो. दमलेल्याला वगळून पुढे जायची सोय पॅनेलमध्ये केलेली असते, पण तीही काही प्रमाणातच उपयोगी पडते. म्हणजे मुलगा खोटं बोलत नव्हता. झाड आणि तीन किलोवॉट एकत्र नांदणार नव्हते.

पण माझा प्रश्न वेगळा होता. तीन किलोवॉट हवेत कोणाला?

इथे मी पहिलं मत मांडते, आणि ते अनेकांना पटणार नाही. बहुतेक घरांत किती किलोवॉट बसवायचे हे घराच्या गरजेवरून ठरत नाही, अनुदानाच्या तक्त्यावरून ठरतं. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० च्या पुढे काही नाही. झालं! जो तो तीन किलोवॉट बसवतो, कारण "मिळतंय तर सोडायचं कशाला?" लग्नाच्या पंगतीत पोट भरलं तरी जिलबी वाढून घेणारे असतात, तसं.

मी दोन वर्षांची बिलं डायरीत उतरवली होती (हे मला त्यावरून चिडवायचे, आता चिडवत नाहीत). आपल्याकडे एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं असं धरतात. धूळ, ढग, ऊन सगळं जमेस धरून थोडं कमीच. दोन किलोवॉटची वर्षाची वीज आमच्या २,६०० युनिटना पुरून थोडी उरत होती. तीन बसवले असते तर वर्षाला हजार-बाराशे युनिट शिल्लक पडले असते. ती शिल्लक महिन्यामागून महिन्यात पुढे जाते खरी, पण मार्चअखेरीस खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटना जो भाव मिळतो तो आपण विकत घेतो त्याच्या मानानं अगदीच थोडा असतो. तेवढ्यासाठी एक कडुनिंब?

दुसऱ्या सोलरवाल्यानंही झाडच काढायला सांगितलं. तिसरा जरा वयस्कर होता. तो बोलला कमी आणि दोनदा आला, एकदा सकाळी नऊला आणि एकदा दुपारी साडेतीनला. सावली कुठवर येते तिथे त्यानं खडूनं रेघ मारली. मला तिथेच कळलं की काम याला द्यायचं. जो माणूस सावली बघायला दुसऱ्यांदा येतो तो पुढेही फोन उचलेल. (उचलतो!)

त्यानं चार पॅनेल पूर्वेच्या अंगाला बसवले, प्रत्येकी ५४० वॉटचे, दक्षिणेकडे तोंड करून. सोलापूर साडेसतरा अक्षांशाच्या जरासं वर आहे, कलही साधारण तेवढाच दिला. कडुनिंबाच्या दोन फांद्या फक्त छाटल्या. नैर्ऋत्येच्या झाडामुळे उशिरा दुपारचं थोडं ऊन बुडतं, ते बुडू दे. पहिल्या वर्षी २,७४० युनिट मिळाले. आम्हाला पुरेत.

दुसरा हिशेब वाळवणाचा. गच्ची ही पुरुषांना रिकामी जागा वाटते. बायकांना विचारा. कुरडया, सांडगे, मिरच्या, गहू, गाद्या, आणि मे महिन्यात रात्रीची अंथरुणं. सांगाडा साधा, गुडघाभर उंचीचा केला असता तर आठ-दहा हजार वाचले असते. पण मग तेवढी गच्ची कायमची गेली असती. मी हट्टानं सांगाडा सात फूट उंच करून घेतला. आता खाली माणूस ताठ उभा राहतो, आणि त्या सावलीत सकाळी बसून मी पेपर वाचते. उंच सांगाड्याला वारा जास्त लागतो, म्हणून लोखंड जाड आणि जस्त चढवलेलं हवं, आणि पाय नुसते गच्चीवर ठेवून न देता नीट बसवलेले हवेत. यात कंजुषी करू नका. वळवाच्या वाऱ्यानं उडालेला पॅनेल शेजाऱ्याच्या अंगणात पडतो, आणि तिथे लहान मुलं खेळत असतात. तसंच अर्थिंगचं. तीन वेगळ्या अर्थिंग लागतात: पॅनेलच्या बाजूची एक, घराच्या विजेची एक आणि वीज पडू नये म्हणून बसवतात त्या तडितरक्षकाची एक. एका सोलरवाल्यानं "एकातच तिन्ही जोडू, काही होत नाही" असं म्हटलं होतं. "काही होत नाही" हे वाक्य ज्याच्या तोंडी वारंवार येतं त्याला घरात घेऊ नये, हे मी शाळेच्या सहलींपासून शिकले आहे.

एक गंमतही सांगते. मला वाटायचं, मे महिन्यात सोलापूरचं ऊन म्हणजे विजेचा पूर येणार. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. तापलेल्या पॅनेलची वीज उलट घटते, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला शेकडा एक तृतीयांशाच्या आसपास. गच्चीवर पॅनेल साठ अंशांच्या वर सहज जातो, म्हणजे शेकडा बारा तिथेच गेले. म्हणून भर मे महिन्यातल्या दुपारपेक्षा फेब्रुवारी-मार्चच्या निरभ्र दुपारी आमचा आकडा जास्त दिसतो. पॅनेलही आपल्यासारखेच आहेत म्हणायचे, उन्हाळ्यात कामाला कंटाळतात.

आणि धूळ! पंधरा दिवसांनी एकदा पुसावे लागतात. तेही सकाळी लवकर, काच गार असताना. बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात, म्हणून नळाचंच एक बादली पाणी आणि मऊ फडकं. पाण्याचं सोलापूरकरांना सांगायला नको. आपण नळाची चार-चार दिवस वाट पाहिलेली माणसं. म्हणूनच मला आणखी एक गोष्ट खुपते. शहराजवळ फताटेवाडीला कोळशावरचा १,३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. कोळशापासून वीज करायची तर वाफ लागते, थंड करायला पाणी लागतं, आणि ते पाणी उजनीचंच. म्हणजे विनाकारण पंखा चालू ठेवणारा माणूस नकळत पाण्याचा नळही चालू ठेवत असतो. हे मला सत्तरीनंतर कळलं. शाळेत असताना कळतं तर वर्गातला पंखा बंद न करणाऱ्या मॉनिटरला नीट समजावता आलं असतं.

आता मुख्य गोष्ट. ज्यासाठी हे लिहायला बसले ती.

सोलर बसल्यानंतर आठवड्याभरात, भर दुपारी बाराला, लाइट गेली. बाहेर ऊन रणरणतंय, डोक्यावर चार पॅनेल, आणि घरात पंखा बंद! हे वर बघत म्हणाले, "सूर्याचं बिल भरलं नाही का तू?" मला खरोखर फसवल्यासारखं वाटलं. सोलरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, बाहेरची लाइट गेली की आपला इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, तसाच नियम आहे. आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, कोणी विचारत नाही.

समाधान होईना. गल्लीत दुसऱ्याच एका कामाला आलेल्या इलेक्ट्रिशियननं तर वर मसाला घातला. म्हणाला, "काकू, थोडी जोडणी बदलून देतो, लाइट गेली तरी तुमचं चालू राहील. चार जणांकडे करून दिलंय." मी मोहात पडले, हे कबूल करते. २००५ नंतरचं भारनियमन आम्ही सोसलं आहे. मेणबत्तीच्या उजेडात दहावीचे पेपर तपासलेली बाई आहे मी. उन्हात बसून अंधार सोसायचा हे काही पटेना.

त्याच संध्याकाळी योगायोगानं माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, अभ्यासात यथातथा. आता वायरमन आहे, खांबावर चढतो. मी त्याला मोठ्या उत्साहानं ही युक्ती सांगितली. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "बाई, तसं करू नका. आम्ही खालून लाइन बंद करतो आणि वर चढतो. लाइन बंद आहे या भरवशावर हात लावतो की ओ. तुमच्या गच्चीवरून उलटी वीज तारेत आली तर आम्हाला कसं कळणार?"

आणि मग त्यानं सांगितलं की त्याच्याबरोबर काम करणारा एक जण असाच गेला. कुणाच्या तरी जनरेटरची वीज चुकीच्या जोडणीतून तारेत आली होती. दुपारची वेळ होती, डबा खायचा राहिला होता, एवढं तो सांगत होता. पुढे बोलला नाही. मीही विचारलं नाही.

मी तीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्रही शिकवलं. हक्क आणि कर्तव्यं, पाच-पाच गुणांचा प्रश्न. पण नागरिकशास्त्र म्हणजे काय हे त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलानं मला शिकवलं. ऊन माझ्या गच्चीवर पडतं, म्हणून ते माझं. पण तार माझी नाही. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी खांबावर चढलेला आहे, आणि त्याचा जीव माझ्या घरातल्या एका खोक्याच्या प्रामाणिकपणावर टांगलेला आहे. लाइट गेली की इन्व्हर्टर बंद होतो ही त्याची खोड नाही, तो त्याचा धर्म आहे.

म्हणून कळकळीनं सांगते, असली जोडणी कुणीही करून देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर त्यासाठी बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो. तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडून मगच वीज देतो. महाग आहे, पण रीतसर आहे. आम्ही तो घेतला नाही. जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर आहे, दोन पंखे आणि दोन दिवे त्यावर चालतात. म्हातारा-म्हातारीला तेवढं पुष्कळ.

त्या प्रसंगानंतर मी "झिरो बिल" या शब्दाकडेही वेगळ्या नजरेनं बघायला लागले. मुळात बिल शून्य होतच नाही, स्थिर आकार वगैरे राहतोच, आणि राहावा. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि नंतर परत करायची, तसा हा नेट मीटरचा व्यवहार आहे. दुपारी आपण तारेला देतो, रात्री तारेकडून घेतो. वाट्या सारख्या झाल्या की आपण म्हणतो फिटलं. पण दुपारी गल्लीत सगळ्यांकडेच साखर सांडलेली असते, आणि संध्याकाळी सातला सगळ्यांनाच हवी असते. तेव्हा सूर्य नसतो. त्या वेळची वीज अजून बरीचशी कोळशातूनच येते.

आमच्याच गल्लीत एकांनी सोलर बसवल्यावर दोन एसी घेतले. "आता काय, फुकटच आहे!" रात्रभर दोन्ही चालतात. त्यांचं बिल कमी आलं हे खरं, पण कोळसा कमी जळला का? मला शंका आहे. आम्ही उलटं करायचं ठरवलं. कपड्यांचं मशीन, इडलीचं वाटण, मोटर, इस्त्री, सगळं अकरा ते दोनच्या मध्ये. माझ्या बिलात त्यानं फारसा फरक पडत नाही. पण आपलं ऊन आपल्या घरात वापरलं की संध्याकाळी तारेकडे कमी मागावं लागतं. आमची आजी म्हणायची तसं, ताटात तेवढंच घ्यावं. फक्त ताट आता गच्चीवर आहे.

एक गोष्ट अजून मनात सलते. आमच्याकडे काम करणाऱ्या बाई पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत राहतात. एक दिवस त्यांनी विचारलं, "आमाला बसवता येतंय का ओ हे?" छप्पर त्यांचं नाही, मीटर घरमालकाच्या नावावर. मी काय सांगणार? मला मिळालेल्या साठ हजारांत त्यांनी विकत घेतलेल्या साबणावरचा करही आहेच की. फ्लॅटवाल्यांना निदान सोसायटीच्या सामाईक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० अनुदान आहे. भाडेकरूला काय? ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे त्यालाच सूर्याचा हप्ता मिळतो, हे मला अन्यायाचं वाटतं. याचा अर्थ अनुदान घेऊ नये असा नाही, मीही घेतलं. पण सगळ्यांच्या पैशातून घेतलेली वस्तू आहे, तर ती गरजेपुरती घ्यावी आणि जपून वापरावी, एवढी लाज तरी बाळगायला हवी.

सूर्यप्रकाशापासून वीज करणारी सिलिकॉनची पहिली चांगली चकती अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाली. म्हणजे ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी. माझ्या लहानपणी आमच्या गावात कंदील होते. कंदिलाच्या काचा राखेनं पुसायचं काम माझ्याकडे होतं. आता पंचाहत्तरीला आल्यावर पुन्हा काचाच पुसते आहे, फक्त गच्चीवर जाऊन. हे खाली शिडी धरून उभे असतात आणि "सांभाळून" म्हणत असतात.

तर वन्सं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. पॅनेलची गॅरंटी पंचवीस वर्षांची आहे, आमची नाही. पण पाडव्याला पाला न्यायला या, कडुनिंब अजून आहे.